बत्तिसावा अर्ज

गेली एकतीस वर्षं मी पोपटच्या वडिलांकडे जातो आणि त्यांच्या वतीने नौदलाच्या मुख्यालयाला अर्ज लिहून देतो. वर्षाला एकच, कारण त्याहून जास्त ते घेत नाहीत. अर्जातली मागणी कधी बदलत नाही. माझ्या मुलाच्या कागदांवरचं ‘वैमानिकाची स्वतःची चूक’ हे वाक्य काढा, आणि बंदराच्या फाटकाजवळ लढाईत कामी आलेल्यांची नावं कोरलेला जो दगड आहे, त्यावर त्याचं नाव घाला. तीनेक महिन्यांनी उत्तर येतं, तेही कधी बदलत नाही. जोडीच्या म्होरक्याची साक्ष पाहता फेरविचाराचं कारण दिसत नाही, असं त्यात असतं.

तो म्होरक्या म्हणजे मी.

म्हणजे अर्ज लिहिणाराही मीच आणि तो अडवणाराही मीच. नौदलाच्या नोकरीतून मी केव्हाच मोकळा झालो, या नोकरीतून काही सुटका होईना.

पोपट हे काही त्याचं नाव नव्हे. आमच्या विमानवाहू नौकेवर तो आला त्या दिवशी कॅप्टन त्याला म्हणाले, ‘‘उद्या पाच वाजता, पुढच्या डेकवर.’’ हा म्हणाला, ‘‘उद्या पाच वाजता, पुढच्या डेकवर. कळलं.’’ कॅप्टननी मान वर करून पाहिलं, पोरगा चेष्टा तर करत नाही ना म्हणून. चेष्टा नव्हती. जेवताना कुणी मीठ मागितलं तरी हा आधी ‘‘मीठ. कळलं’’ म्हणायचा आणि मग हात पुढे करायचा. पहिल्याच आठवड्यात त्याचं बारसं झालं.

त्याचे वडील रेल्वेच्या केबिनमध्ये होते, खटके ओढून गाड्यांना रस्ता देणारे. पलीकडच्या केबिनमधून जेवढ्या घंट्या येतील तेवढ्याच मोजून परत द्यायच्या आणि मगच खटक्याला हात लावायचा, असं त्यांचं काम. घरातही त्यांचा तोच खाक्या. ‘‘साबण आण म्हटलं की आधी ‘साबण’ म्हणायचं, मग चप्पल घालायची,’’ पोपट सांगायचा. ‘‘नाही म्हटलं तर बाबा दारातून परत बोलवायचे.’’ आम्ही पोट धरून हसायचो. तोही हसायचा, पण सवय काही सोडत नव्हता.

मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठा. विमानं आमची एकेकट्याची, पण उडायचं जोडीने. पुढे मी, मागे थोडा बाजूला तो. माझी पाठ सांभाळायची हे त्याचं काम आणि त्याला वाट दाखवायची हे माझं. शत्रू दिसेपर्यंत रेडिओवर तोंड उघडायचं नाही असा हुकूम असे, त्यामुळे वर सगळा कारभार हातवाऱ्यांवर चाले. काही सांगायचं असलं तर म्होरक्याने छोट्या पाटीवर लिहून ती काचेला लावायची. जोडीदाराने वाचायची आणि आपल्या डोक्यावर, म्हणजे टोपावर, दोनदा टपली मारायची. टपली म्हणजे कळलं. टपली दिसेपर्यंत पाटी खाली घ्यायची नाही, हा नियम होता. पोपटच्या तो अंगातच होता. तो टपली मारायचा ती अशी ठसठशीत, की आवाज ऐकू आल्याचा भास व्हायचा.

ज्या दिवसाबद्दल सांगायचंय त्या दिवशी आमची फौज शत्रूच्या किनाऱ्यावर उतरत होती. पहाटेपासून मोठ्या नौकांमधून माणसं सपाट तोंडाच्या होड्यांमध्ये उतरवत होते आणि त्या होड्या ओळीने वाळूकडे निघत होत्या. वरून त्या पाण्यावर सोडलेल्या काड्यापेट्यांसारख्या दिसत. एकेकीत चाळीस-चाळीस माणसं, खांद्याला खांदा लावून उभी, डोक्यावर छप्पर नाही. त्यांच्यावर एक जरी बाँब पडला तरी काय होईल ते सांगायला नको. म्हणून आम्ही वर.

पण वरून येणाऱ्या प्रत्येक विमानावर आमच्याच नौकांच्या तोफा रोखलेल्या असत. खालच्या तोफचीला आपलं विमान कुठलं आणि परकं कुठलं हे ओळखायला दोन-तीन सेकंद मिळतात, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही आधी गोळी झाडली असती. त्यासाठी खूण ठरलेली होती. ताफ्याच्या कोपऱ्यातल्या नौकेपाशी यायचं, चाकं खाली सोडायची, एक पूर्ण घिरटी घालायची आणि मगच आत शिरायचं. त्या सकाळी घिरटी उजवीकडून होती. साडेआठच्या सुमारास शत्रूचं एक विमान चाकं सोडून, उजवीकडून शिस्तीत घिरटी घालून आत आलं आणि माणसं वाहणाऱ्या एका नौकेवर बाँब टाकून गेलं. आमची खूण त्यांनी पाहून ठेवली होती.

आमची दुसरी फेरी पावणेदहाला. मी विमानात बसून इंजिन चालू केलं होतं, तेवढ्यात डेकवरचा खलाशी वाऱ्याला पाठ देत वाकून पळत आला आणि त्याने पाटी दाखवली, ‘दहानंतर डावीकडून.’ मी ते माझ्या पाटीवर उतरवलं आणि डोक्यावर टपली मारली. पुढच्या रांगेतल्या आम्हा चौघांना त्याने ती दाखवली. मागच्यांना त्यांच्या म्होरक्यांनी वर गेल्यावर दाखवायची, अशीच पद्धत होती. पोपट मागे होता. त्याच्या विमानातून तेल गळत होतं म्हणून ऐन वेळी त्याला जादा ठेवलेलं विमान दिलं होतं.

आम्ही उडालो. पोपट माझ्या बाजूला येऊन लागला. त्या जादा विमानाची खुर्ची बहुतेक फार खाली होती, कारण काचेत त्याचे नुसते डोळे आणि टोप दिसत होता. त्याने मान उंच करून दाखवली, मग पुन्हा बुडाला, मग पुन्हा वर आला, विहिरीतून डोकावणाऱ्या माणसासारखा. मला हसू आलं. पाटी माझ्या मांडीवर होती. म्हटलं, आता ढगातून चढतोय, वर मोकळ्यात पोचल्यावर दाखवू. एवढंच. यापेक्षा मोठं कारण असतं तर आज मला सांगायला बरं वाटलं असतं.

ढगांच्या वर आलो आणि नौकेवरचा माणूस रेडिओवर ओरडला की जमिनीच्या बाजूने बारा विमानं येतायत, सहा बाँबर आणि सहा लढाऊ.

हवेतली लढाई म्हणजे काय, असं लोक मला विचारतात, आणि मी काहीतरी ठोकून देतो. खरं सांगायचं तर बहुतेक वेळ काही दिसतच नाही. मान मोडेपर्यंत वळून बघायचं, ऊन डोळ्यांत, घाम डोळ्यांत, तोंडाला कोरड, आणि स्वतःचाच श्वास कानात इतका मोठा की इंजिन ऐकू येत नाही. भीती वाटते का? माझी पाचावर धारण बसली होती.

सहातला एक बाँबर होड्यांच्या दिशेने खाली सूर मारायला लागला. मी त्याच्या मागे गेलो. त्याच्या शेपटाकडच्या काचेत बसलेला माणूस माझ्यावर गोळ्या झाडत होता, आणि इतका जवळ होता की त्याने गळ्याभोवती गुंडाळलेला पांढरा रुमाल मला दिसत होता. मी घोडा दाबला. रुमालवाला एकदम खाली बसला, वाकून काही उचलायला गेल्यासारखा, आणि पुन्हा वर आला नाही. पुढच्या झटक्यात बाँबरच्या एका पंखातून काळा धूर आला आणि ते विमान होड्यांच्या पलीकडे पाण्यात गेलं. मला आनंद झाला. तो माणूस पुढे मला खूप वर्षं आठवत राहिला, पण त्या क्षणी आनंदच झाला, हेही इथे सांगितलं पाहिजे.

त्या आनंदात मी मागे बघायचं विसरलो. माझ्या पंखावर कुणी खडे फेकावेत तसा आवाज झाला. आरशात शत्रूचं विमान, अगदी पाठीला लागलेलं. तोंडचं पाणी पळालं माझ्या. तेवढ्यात रेडिओवर पोपटचा आवाज आला, अगदी शांत. ‘‘दादा, सरळ जा. वळू नकोस. मी आहे.’’

वळायची इच्छा शरीरातल्या हाडाहाडाला होत होती. मी सरळ गेलो. तीन सेकंद असतील. मग आरशातलं ते विमान तिरकं झालं आणि फुटलं. त्याच्या तुकड्यांमधून पोपट बाहेर आला. त्याच्या पुढच्या काचेवर तेल उडालं होतं, सगळी काच काळी.

‘‘समोरचं काही दिसत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘बाजूने बघून येतो. खाली उतरतो.’’

‘‘माझ्या मागे ये.’’

‘‘दादाच्या मागे. कळलं.’’

पण मागे येणार कसा? त्याला मी दिसतच नव्हतो. त्याला बाजूच्या काचेतून फक्त पाणी आणि कोपऱ्यातली नौका दिसत होती. दहा वाजून गेले होते. त्या नौकेपाशी मी आधी पोचलो, चाकं सोडली आणि डावीकडे वळलो. पाटीवर तसं लिहिलं होतं म्हणून वळलो, डोकं चालवलं नाही. अर्धी घिरटी झाली आणि समोरून मला एक विमान येताना दिसलं. चाकं खाली, वेग कमी, अगदी शिस्तीत उजवीकडून घिरटी घालत असलेलं. पोपट.

तेव्हा मला आठवलं, मांडीवरची पाटी त्याला दाखवायची राहून गेली होती.

मी रेडिओचं बटण दाबून ओरडलो, ‘‘पोपट, डावीकडे!’’

आणि तो म्हणाला, ‘‘डावीकडे. कळलं.’’

पहिल्यांदा डोक्यात आलं की वाचला. पण त्याने तिथल्या तिथे विमान डावीकडे फिरवलं. खालच्या तोफचींना काय दिसलं असेल ते मला वरून स्पष्ट दिसत होतं. चुकीच्या बाजूने आलेलं एक विमान अचानक पोट दाखवून ताफ्याकडे वळलं. एका तोफेने सुरुवात केली आणि मग सगळ्यांनी. त्याला उंची नव्हती, उडी मारायला वेळ नव्हता. दोन होड्यांच्या मधल्या पाण्यात तो पडला. होडीतल्या कुणाला खरचटलंसुद्धा नाही. त्या दिवशी फौज किनाऱ्यावर उतरली आणि मोहीम फत्ते झाली, असं सगळीकडे छापून आलं.

चौथ्या दिवशी चौकशी झाली. नौकेवरची एक छोटी खोली, टेबलामागे तीन अधिकारी, एक पाण्याचा तांब्या. मधल्याने विचारलं, ‘‘बदललेली खूण तुम्ही जोडीदाराला कळवली होती का?’’

मी म्हणालो, ‘‘हो. पाटी दाखवली होती.’’

‘‘त्याने पोच दिली?’’

‘‘दोनदा टपली मारली, साहेब.’’

मला कुणी असं बोल म्हणून सांगितलं नव्हतं. कुणी डोळाही मारला नाही. माझं तोंड उघडलं आणि ते बाहेर पडलं. मला वाटलं होतं, ते तोफचींना दोष देतील, नाहीतर धुराला, नाहीतर नशिबाला. शिवाय रेडिओवरचं माझं ओरडणं चार जणांनी ऐकलेलं होतं. म्होरक्याने शेवटच्या क्षणीसुद्धा आठवण करून दिली, असं कागदावर आलं. मग दोष द्यायला उरलं कोण? आठवड्याने निष्कर्ष वाचून दाखवला, ‘वैमानिकाची स्वतःची चूक’, आणि मी मूग गिळून उभा राहिलो.

त्याची पेटी घरी पोचवायला मीच गेलो. तेवढं धैर्य होतं. रुळांच्या कडेला रेल्वेची दोन खोल्यांची घरं होती, त्यातलं शेवटचं यांचं. काका उंच, किडकिडीत, हाताला खटके ओढून पडलेले घट्टे. काकूंनी पेटी उघडली, वर ठेवलेला शर्ट काढला आणि त्याची घडी पुन्हा घातली. मग पुन्हा उलगडून पुन्हा घातली. असं किती तरी वेळ चाललं होतं.

काका म्हणाले, ‘‘कागदावर चूक लिहिलंय. तो चुकायचा नाही.’’

मी काकूंच्या हातातल्या शर्टाकडे बघत राहिलो.

‘‘त्यांना अर्ज करायचाय. मला ती सरकारी भाषा येत नाही. तू लिहून देशील?’’

नाही कसं म्हणणार? मी लिहिला. लिहून झाल्यावर काका म्हणाले, ‘‘वाच.’’ मी वाचला. केबिनच्या माणसाच्या घरातून वाचून दाखवल्याशिवाय कागद बाहेर जात नसे. ‘‘माझ्या मुलाला बदललेली खूण मिळाली नव्हती,’’ असं त्यात होतं. ते वाक्य त्यांनी सांगितलेलं होतं. त्यांना ते कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मुलगा माहीत होता म्हणून बाकीचं माहीत होतं.

दुसऱ्या वर्षी उत्तरासोबत माझ्या साक्षीची नक्कल आली. काकू म्हणाल्या, ‘‘तूच वाच रे, त्यांचा चष्मा फुटलाय.’’ तेव्हा त्यांच्या चुलीशेजारी बसून मी माझी साक्ष मोठ्याने वाचली. जोडीदाराने दोनदा टपली मारून पोच दिली.

काकांनी विचारलं, ‘‘म्होरक्या म्हणजे तू?’’

‘‘हो.’’

‘‘टपली कशी मारतात?’’

मी माझ्या डोक्यावर तळहाताने दोनदा मारून दाखवलं. ते बघत राहिले. मग ‘‘बरं’’ म्हणाले आणि खिडकीबाहेर गेलेल्या मालगाडीबद्दल बोलायला लागले, की सतरा मिनिटं उशिरा आहे. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मला वाटायचं, विसरले असतील, किंवा समजलं नसेल, किंवा समजून पोटात घातलं असेल. माझ्या सोयीचं जे असेल ते मला दरवर्षी वाटायचं.

मधे एकदा, बहुतेक नवव्या-दहाव्या वर्षी, मी सहज विचारलं होतं, की तुम्ही घंटी दिलीत आणि पलीकडून परत आलीच नाही, तर काय करायचात? ‘‘वाट बघायची,’’ काका म्हणाले. ‘‘पलीकडचा माणूस झोपला असेल, उठेल. आपण पुन्हा पुन्हा घंटी द्यायची नाही. त्याचा गोंधळ होतो, आणि मग गाड्या आपटतात.’’ मी मान डोलावली आणि चहा संपवला. इतका मठ्ठ माणूस शोधून सापडायचा नाही.

चौदाव्या वर्षी काकू गेल्या. शेवटच्या दिवसांत त्या मला म्हणाल्या, ‘‘हा लहानपणी फार धांदरट होता रे. ह्यांनी शिकवून शिकवून सरळ केला. पण मुळातला धांदरटपणा कुठे जातोय? तेवढ्यात नडलं बिचाऱ्याला.’’ म्हणजे काका मानत नव्हते, पण काकूंनी मानलं होतं. पोराची चूक पदरात घेऊन ती बाई गेली. मी तिचा हात धरून बसलो होतो आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. चौकशीतल्या खोटेपणापेक्षा मला या गप्प बसण्याची जास्त लाज वाटते. तिथे निदान भीती होती. इथे कुणाची भीती होती?

या वर्षी गेलो तो दुपारी. काकांची नजर दोन वर्षांपूर्वी पूर्ण गेली. शेजारीण डबा आणून देते. खोलीत तीच खाट, तेच टेबल, भिंतीवर त्यांच्या केबिनमधलं जुनं बंद घड्याळ. पावलांवरून मला ओळखून म्हणाले, ‘‘बस. टेबलावर कागद आहे. तिथेच गेल्या वेळचं त्यांचं उत्तर आहे, ते आधी वाच.’’

मी वाचलं. नेहमीच्या ओळींखाली या वेळी एक नवी ओळ होती. कुटुंबाने चौकशीचा निष्कर्ष लेखी मान्य केल्यास, मयताचं नाव दगडावर घेण्याचा विचार सहानुभूतीने करता येईल.

‘‘शेजारणीने वाचून दाखवलं होतं,’’ काका म्हणाले. ‘‘नावं कोरलेली आहेत ना रे? रंगवलेली नाहीत?’’

‘‘कोरलेली आहेत.’’

‘‘मग बोटांनी वाचता येईल. माझं आता वय झालं. एकदा हात फिरवून यावं म्हणतो. लिही.’’

मी पेन उघडलं.

‘‘माझ्या मुलाच्या हातून चूक झाली,’’ काका सावकाश सांगू लागले, आधी पाठ करून ठेवल्यासारखं. ‘‘त्याला खूण मिळाली होती. त्याने पोच दिली होती. नंतर तो विसरला. हे मला मान्य आहे. त्याचं नाव दगडावर घालावं, ही विनंती. लिहिलंस?’’

मी ‘माझ्या मुलाच्या’ इथपर्यंत लिहिलं होतं. पुढे हात चालेना. एकतीस वर्षं हा माणूस एका वाक्यावर उभा होता, आणि आता दगडावरून बोट फिरवायला मिळावं म्हणून तो ते वाक्य सोडत होता. ते वाक्य खरं होतं. ते खरं आहे हे माहीत असलेला जगात एकच माणूस होता आणि तो त्यांच्या टेबलाशी पेन धरून बसला होता.

‘‘लिहिलंस का रे?’’

‘‘लिहितोय.’’

मी तो कागद बाजूला सारला आणि दुसरा घेतला. त्यावर लिहीत गेलो. हात थांबला नाही. अर्धं पान झालं.

‘‘फार लांबलं,’’ काका म्हणाले. ‘‘मी चार ओळी सांगितल्या.’’

‘‘हो.’’

‘‘वाच.’’

आता काय सांगू? त्या क्षणीही माझ्या मनात आलं की टपालात हा कागद टाकावा आणि त्यांना त्यांच्या चार ओळी म्हणून दाखवाव्यात. त्यांना थोडंच दिसतंय. सत्य मुख्यालयाला कळेल, दगडावर नाव येईल आणि माझं तोंड या खोलीत काळं होणार नाही. इतकी वर्षं झाली तरी माणूस सोयच शोधत असतो. काका मान थोडी तिरपी करून, घंटीला कान लावून बसावं तसे बसले होते.

मी खरा कागद वाचला.

‘‘मी जोडीचा म्होरक्या होतो. चौकशीत मी खोटी साक्ष दिली. बदललेली खूण मला डेकवर मिळाली होती. ती जोडीदाराला दाखवणं माझं काम होतं. मी ती दाखवली नाही. वर गेल्यावर दाखवू म्हणून पाटी मांडीवर ठेवली आणि विसरलो. त्यामुळे त्याने टपली मारली नाही. त्याला जी खूण माहीत होती ती त्याने अचूक पाळली. त्याआधी त्याने माझा जीव वाचवला होता. मी रेडिओवर डावीकडे म्हणालो तेव्हा तो ‘डावीकडे, कळलं’ म्हणाला आणि सांगितल्याप्रमाणे वळला, म्हणून तोफा सुटल्या. त्याची चूक नव्हती. चूक माझी होती.’’

वाचून झालं. बाहेरून एक गाडी गेली आणि खिडकीची काच हलली. ती कुठली आणि किती उशिरा आहे, हे काकांनी या वेळी सांगितलं नाही.

त्यांनी विचारलं, ‘‘शेवटी काय म्हणाला तो?’’

‘‘डावीकडे. कळलं.’’

‘‘तसंच म्हणाला?’’

‘‘तसंच.’’

काकांचा उजवा हात खाटेवरून वर आला. सावकाश, चाचपडत तो त्यांच्या टक्कल पडलेल्या डोक्यापर्यंत गेला, आणि त्यांनी तळहाताने दोनदा टपली मारली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मी खुर्चीतच वाकलो आणि रडलो. धाय मोकलून रडलो. त्यांनी मला थांबवलं नाही आणि जवळही घेतलं नाही.

मग म्हणाले, ‘‘सही कर.’’

‘‘तुमचा अंगठा लागेल ना, काका?’’

‘‘माझा कशाला? हा अर्ज तुझा आहे.’’

मी सही केली, कागद पाकिटात घातला. ‘‘जाता जाता टपालात टाकतो.’’

‘‘नको. इथे टेबलावर ठेव. शेजारीण टाकेल.’’

मी पाकीट ठेवलं. त्यांनी हात पुढे करून ते आहे ना याची खात्री केली आणि त्यावर तळहात ठेवून बसले. मी उठलो, चपला घातल्या. दारापर्यंत आलो आणि राहवलं नाही म्हणून वळलो. काही विचारायच्या आतच ते बोलले. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

‘‘आता तू इथे येऊ नकोस.’’

मी दारात उभा राहिलो. ते मान तिरपी करून वाट बघत होते.

‘‘आता इथे यायचं नाही,’’ मी म्हणालो. ‘‘कळलं.’’